ओढ्यापलीकडच्या खुंट्या

ठक्… ठक्… ठक्.

खुंट्या ठोकल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. जत्रेचा जुना माळ भरून गेला, दुकानांना जागा उरेना, तेव्हा पंचायतीनं ओढ्यापलीकडचा माळ खुला केला. लोकांनी धावत जाऊन खुंट्या ठोकल्या. पुढे दुकानदार येतील, जागा मागतील, ही आशा. दरसाल पावती फाडायची, नाहीतर जागा जायची.

जत्रा काही ओढा ओलांडून गेली नाही. खुंट्या तेवढ्या राहिल्या.

त्या माळाच्या काठालाच केवलगिरी महाराजांचा मठ. मी तिथं झाडलोट करायचो. पुष्कळ वर्षांनी, एका दुपारी…

“मग किंमत येईल की नाही? एवढंच सांगा, महाराज.”

विचारणारा राजशेखर शेटे. निलंग्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. शिकलेला, चांगली नोकरी सोडून बसलेला. त्याची बायको शैलजा बाहेर पायरीवर होती. मांडीवर पाच महिन्यांची मुलगी.

“कशाची किंमत?”

“नावांची. इंटरनेटवर दुकान काढायचं तर नाव लागतं. नावामागं टिंब, टिंबामागं शेपूट. डॉट कॉम हे जुनं शेपूट. त्यातली चांगली नावं केव्हाच गेली. आता नवी शेपटं आलीत. डॉट शॉप, डॉट साइट, डॉट ऑनलाइन… कुणाला कळायच्या आत मी शेकड्यानं नावं घेऊन ठेवली.”

“तिथं कोण राहतं?”

“अजून कुणी नाही. ज्याला हवं तो माझ्याकडं येईल.”

“आणि तोवर?”

“दरसाल पैसे भरायचे. नाही भरले तर नाव जातं.” त्याचा आवाज उतरला. “पहिल्या वर्षी स्वस्तात देतात, महाराज. नंतर…”

महाराज माळाकडं बघत राहिले.

“एक नाव सांग.”

“भाडेघर डॉट साइट.”

महाराज उठले. दारात उभे राहिले. तोंडाशी हात धरून माळाच्या दिशेनं हाक मारली.

“भाडेघरऽऽ!”

थांबले. कान दिला. एका खुंटीपाशी शेळी अंग घासत होती, ती तेवढी दचकली.

“शेपटासकट मारायची होती का रे?”

मला हसू आलं. राजशेखरला आलं नाही.

“चेष्टा करू नका, महाराज. माझं सगळं त्यात अडकलंय.”

“चेष्टा नाही, बाळा. दुसरं सांग.”

त्यानं सांगितलं. महाराजांनी हाक मारली. हरवलेल्या वासराला मारावी तशी, जीव लावून. मग थांबले. मग तिसरं. मग चौथं. दर हाकेनंतर ते वाट बघायचे. म्हातारा गळा, घोगरा होत गेला. माळावरून काहीच येत नव्हतं… राजशेखरची मान खाली खाली जात होती.

“पुरे, महाराज.”

“एकानंही ओ दिली नाही?”

“एक आहे.” तो हळूच म्हणाला. “एकाच नावाला गिऱ्हाईक आलंय. आज दिवस मावळायच्या आत हो म्हणायचंय. त्या पैशात बाकीची नावं आणखी वर्षभर जगतील.”

“कोणतं?”

त्यानं पायरीकडं बघायचं टाळलं.

“मैना. मैना डॉट शॉप.”

महाराज पुन्हा माळाकडं वळले.

“मैनाऽऽ!”

पायरीवरच्या पोरीनं मान वळवली. आवाज कुठून आला ते शोधलं. महाराज दिसले तशी बोळकं पसरून हसली.



“हिचं नाव मैना?”

“नाही… अजून बारसं व्हायचंय. शैलजाच्या आईचं नाव ते. त्या वारल्या, म्हणून हिला ठेवणार होतो. पण आता ते विकायचं म्हटल्यावर… आमच्या दुकानाची आजोबांपासूनची रीत आहे, महाराज. विकलेला माल घरात ठेवायचा नाही.”

“मग ही वळली कशी?”

राजशेखरनं बायकोकडं बघितलं. ती खाली मान घालून पोरीचं झबलं सारखं करत होती. त्याच्यामागं घरात पोरीला कोण कुठल्या नावानं हाक मारतं, हे त्याला तेव्हा कळलं.



“दुसरं ठेवू की,” तो म्हणाला. “नावं काय… पुष्कळ आहेत.”

शैलजा उठली. पोरीला खांद्यावर घेतलं.  पायऱ्या उतरली आणि खुंट्यांमधून वाट काढत रस्त्याकडं चालू लागली. पोरीचं डोकं तिच्या खांद्यावरून मागं बघत होतं.

राजशेखर अर्धवट उठला. तसाच राहिला. ऊन पिवळं झालं होतं.

“महाराज, मी काय करू?”

महाराज भिंतीला टेकून बसले होते. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. शैलजा माळाच्या पार शेवटच्या खुंटीपाशी पोचली होती.

“हाक मार.”