तात्यांची कवळी

वृद्धाश्रमाचे संचालक घोरपडे पाहुण्यांना जेवणघर दाखवत होते. "आमच्याकडे माणूस पाहून काळजी घेतात. या सखारामतात्यांना भाकरी आवडते, म्हणून रोज भाकरी. पण बघा, ताटात तशीच! म्हातारा हट्टी आहे."

तात्यांच्या पोटात भुकेने आग पडली होती. त्यांनी तोंडातली कवळी काढून ताटात ठेवली आणि बोळक्या तोंडाने सावकाश म्हणाले, "भाकरी माझ्याच आवडीची आहे, साहेब. पण कवळी रंगनाथरावांची आहे. इथं सगळ्यांच्या कवळ्या एकाच बादलीत धुतात आणि हाताला येईल ती देतात."

घोरपडे पाहुण्यांकडे बघून हसले. "एवढंच ना, तात्या? तुमची आत्ता शोधून देतो."

"कुठं शोधाल, साहेब? परवा रंगनाथरावांना अग्नी दिलात, तेव्हा ती त्यांच्या तोंडात होती."