छत्तीस वाटा

“मग या तीन सॉफ्टवेअरमधलं घेऊ तरी कोणतं?” उद्धवने तिसऱ्यांदा विचारलं.

निवांतबुवा लॅपटॉपवर वाकले होते. टेकडीवरच्या मठाच्या ओसरीवर ऊन आलं होतं, म्हणून त्यांनी पडद्यावर हाताची सावली धरली होती.

“हे कमळ तू केलंस?”

“मीच. आठ पाकळ्या, म्हणजे तुमच्या बोलण्याचे आठ विषय. पाकळीवर बटण दाबलं की तो विषय सुरू. आणि मधोमध तुम्ही.”

“मी?”

“तुमचे अखेरचे बोल.”



येत्या दत्तजयंतीपासून बुवा मौन धरणार होते, कायमचं. ज्यांचे पाय आता टेकडी चढत नव्हते, त्यांच्यासाठी बुवांचा आवाज डीव्हीडीवर उतरवून घरोघर द्यायचा, हे उद्धवने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. काम मनापासून चाललं होतं, त्यात शंका नाही. पण उद्धव कासले म्हणजे विट्यातला व्हिडिओवाला. त्याच्याइतकं देखणं लग्न तालुक्यात कुणी शूट करत नाही, असं निदान तो स्वतः तरी सांगत असे. त्यामुळे बुवांच्या आवाजाहून त्याला मेनूची काळजी जास्त. डिस्क लावताच टीव्हीवर जे पहिलं पान येतं, जिथून काय ऐकायचं ते निवडायचं, ते पान बघूनच लोकांनी तोंडात बोटं घालायला हवी होती.

“पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये साचे तयार मिळतात,” तो म्हणाला, “पण साचा तसूभर हलत नाही. दुसऱ्यात बटण कुठेही ठेवा, कमळ करा, मोर करा. आणि तिसरं...” त्याने नाक मुरडलं. “तिसरं म्हणजे कोरी पाटी. सगळं आपणच करायचं. माझं मन दुसऱ्यावर बसलंय, हे कमळ त्यातच करून नमुन्याची डिस्कही काढलीय. पण तुमच्या तोंडून यायला हवं.”

“ठरलंय तर विचारतोस कशाला?”



बुवांनी कोपऱ्यातली काठी उचलली. “ती तबकडी बरोबर घे. गोदाक्काकडे जाऊन येऊ.”

“आत्ता? खाली?”

बुवा पायऱ्यांपर्यंत पोचलेही होते.

उतरायला फार वेळ लागला. बुवा दर दहा-बारा पायऱ्यांवर थांबत. उद्धवला करायला काही नव्हतं, म्हणून तो पायऱ्या मोजू लागला. तीनशेच्या पुढे मोजणी चुकली.

गोदाक्काचं घर टेकडीच्या पायथ्याशीच होतं. मठाचं पाणी बावीस वर्षं तिने याच पायऱ्या चढून भरलं. आता गुडघे गेले, आणि टेकडी फक्त दारातून बघायची उरली.

“अगं बया! म्हाराज, तुमी?”

“मी तुझ्या टीव्हीवर दिसतो म्हणे. बघायला आलो.”

डिस्क लागली. कमळ उमललं. गोदाक्काने पदर तोंडाला लावला. “काय ग्वाड केलंय रं लेकरा!”

उद्धवची छाती फुगली. त्याने रिमोट तिच्या हातात दिला. “बोला आक्का, काय ऐकायचं?”

“ह्यास्नीच की. त्ये मदी बसल्यात न्हवं, त्ये.”

तिने बाण दाबला. पिवळा उजेड एका पाकळीवरून दुसरीवर गेला. दुसरीवरून तिसरीवर. आठवीवरून पुन्हा पहिलीवर. तिने खालचा बाण दाबला, मग वरचा. उजेड कधी पुढे गेला, कधी मागे आला. मधे मात्र जाईना.

“आत जा की आक्का.”

“जातीया की. जाऊ द्येत न्हाई.”

ती जराही वैतागली नव्हती. उलट तिला मौज वाटत होती. तिसरी फेरी पूर्ण झाली तशी ती बुवांकडे वळली.

“म्हाराज, परदक्षिणा तीन झाल्या. दर्शन कवा?”

उद्धवने रिमोट जवळजवळ हिसकावून घेतला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे... त्याला घाम फुटला.

“माझ्याकडे नीट लागत होतं! शंभरदा बघितलंय मी!”

“तिथे तुझ्या हातात काय होतं?” बुवांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“माउस... नेऊन टेकवला की झालं.”

बुवांनी रिमोट घेतला, उलटसुलट करून पाहिला. चारही बाणांवरून अंगठा फिरवला.

“या बाणाने कुठे जायचं, हे कोण ठरवतं?”

“सॉफ्टवेअर. त्याचं तेच ठरवतं. आपल्याला त्यात हात घालता येत नाही.”

“कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये?”

“तिसऱ्यात येतो,” उद्धव म्हणाला. “पण बुवा, त्यात एकेक बटण धरून सांगावं लागतं. वरचा बाण दाबला तर कुठे, खालचा दाबला तर कुठे. नऊ बटणं, प्रत्येकाला चार दिशा. छत्तीस वाटा हाताने आखायच्या! आणि एवढं करून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसणारसुद्धा नाही.”

बुवा तिथे शेजारीच बसले होते, आणि गोदाक्का पडद्यावरच्या बुवांकडे बघत होती.

“ऱ्हाऊ दे लेकरा,” ती म्हणाली. “म्या भाईरनंच बघीन. आता सवय झालीया.”

उद्धवने मान खाली घातली. उभ्या आयुष्यात त्याला आपल्या कामाची इतकी लाज वाटली नव्हती.

“आक्का,” बुवांनी विचारलं, “तू पाणी आणायचीस, तेव्हा मी बघायचो का गं तुला?”

“तुमी कशापायी बघाल? उठायच्या आत रांजण भरल्याला असायचा.”

बुवा उठले. तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि बाहेर पडले.

उद्धव मागून धावला. पायऱ्यांपाशी त्याने त्यांना गाठलं.

“बुवा... मग तिसरं घेऊ?”

बुवा काठीवर रेलून वर बघत होते. वरचा मठ इथून दिसत नव्हता, नुसत्या पायऱ्या दिसत होत्या.

“किती म्हणालास? छत्तीस?”

“हो. छत्तीस.”

बुवांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

“छत्तीसच ना?”