तुंब्याचा गळा

"घेणार की नाही हिला? तेवढं सांगा!"

केरबा मठाच्या दारातूनच ओरडला. त्याच्या हातात महिन्याचीही न झालेली पोर होती. ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती.

म्हातारे भैरूनाथ गोसावी आतून म्हणाले, "देवाला वाहायची म्हणतोस?"

"व्हय. राहील इथंच."

"आणि बाप?"

"त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, हिनंच आईला खाल्लं." केरबाचा आवाज चिरकला. "हिची आई म्हंजे माझी अक्का... आमच्या आईमागं तिनंच मला वाढवलं. आता हिला कुणी नाही, मलाबी कुणी नाही."

बोलता बोलता तो पोरीला गदागदा हलवत होता. तिची मान मागं लोंबकळली.

"थांब!" गोसावी गरजले.

मठावरची पारवी फडफडून उडाली. केरबा जागीच थिजला.

"मग तुमीच घ्या की!"

गोसाव्यांनी दोन्ही हात पुढं केले. ते लटलटत होते.

"माझे वयानं हलतात. तुझे रे कशानं?"

केरबानं आपल्या हातांकडं पाहिलं.

"रडतं मूल या मठात देवापुढं ठेवत नाहीत. आधी शांत कर, मग ठेव."

"मला नाही जमत! डोकं फिरतं माझं!"

"मग तिला त्या घोंगडीवर उताणी निजव. बाहेर जा. तोंडावर पाणी मार आणि ये."

"ती रडतीय अन् खाली ठेवू?"

"ठेव. रडण्यानं ती मोडणार नाही."

केरबा आडावर गेला. गार पाणी तोंडावर घेतलं, पुन्हा घेतलं. तो परतला तेव्हा पोर रडतच होती. गोसावी तिच्याशेजारी बसून होते.

त्यांनी कोपऱ्यातल्या भोपळ्याच्या तुंब्याकडं बोट केलं. तो पाण्यानं निम्मा भरलेला होता.

"धर बघू. याचा गळा आधी तुटतो."

केरबानं तुंब्याचा लांब गळा कोपराच्या खळग्यात घेतला. दुसरा तळवा बुडाखाली दिला. थेंबही सांडला नाही.

"आता तो ठेव. हिला घे."

त्यानं तशीच उचलली. मान कोपरात, तळवा पाठीखाली. खाली बसला, छातीशी धरली आणि हळूहळू डोलू लागला. कधी सुरू झालं ते त्याला कळलं नाही, पण नाकातून आवाज यायला लागला. हं... हं... हं... अक्का त्याला निजवताना असाच काढायची.

रडणं उचकीवर आलं. मग उचकीही थांबली.

मठ शांत झाला... आणि त्या शांततेत कुणीतरी हुंदके देत होतं. पोर तर झोपली होती.

बऱ्याच वेळानं केरबानं बाहीनं नाक पुसलं.

"निजली, महाराज. आता ठेवू... देवापुढं?"

गोसाव्यांनी त्याच्या ओल्या गालांकडं पाहिलं.

"इतक्यात नको. तू अजून रडतोयस."