ऐनाची वाट

“बाबा, ही वाट एवढी रुंद कधी झाली?”

सोमगिरबाबा पुढे चालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“झाली,” ते म्हणाले.

केदारगिर बऱ्याच वर्षांनी गुरूकडे आला होता. या राईतल्या झोपडीत त्याने तरुणपण काढलं, मग बाहेर पडला, आणि आता त्याचा स्वतःचा मठ होता. मठात गुरूच्या नावाने मोठा सभामंडप उभा राहिला होता. त्याच्या उद्घाटनाला बाबांना न्यायचं, म्हणून तो आला होता.

पण आल्या आल्या तो म्हणाला, “आधी मला आपलं ऐनाचं झाड बघायचं आहे.”

बाबा काठी घेऊन उठले होते.

चालता चालता केदारगिर बोलत होता. त्याने हिमालयात देवदार पाहिले होते. दक्षिणेच्या डोंगरात असं एक झाड पाहिलं होतं, की त्याच्या ढोलीत चार माणसं बसून जेवतील. कुठे म्हातारं झाड आहे असं कळलं, की तो पायी निघायचा. कितीही चढ असो, किती जळवा लागोत.

“पण बाबा, खरं सांगू? आपल्या ऐनासारखं झाड कुठे नाही. लोकांना मी प्रवचनात तेच सांगतो.”

“काय सांगतोस?”

“की म्हाताऱ्या झाडाखाली पाच मिनिटं उभं राहा. मी कोण, हा प्रश्नच उरत नाही.”

वाटेत एक मुळी आडवी आली होती, ती ओलांडायला बाबांनी शिष्याचा हात धरला, आणि लगेच सोडला.

राई दाट होती. गारंबीच्या वेली, पायाखाली कुजकी पानं, अंधारा गारवा. मग वळण आलं, आणि एकदम डोळ्यांवर ऊन आलं.

केदारगिर थांबला.

समोर नुसता कापलेला बुंधा होता. अंगणाएवढा. त्याच्या कडेकडेची साल अजून मगरीच्या पाठीसारखी खडबडीत होती. मधे उन्हाने चिरा गेल्या होत्या.

“…बाबा, आपण वाट चुकलो.”

“नाही.”

केदारगिर बुंध्याजवळ गेला. गुडघ्यांवर बसला. हात टेकवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“कुणी तोडला?”

“ठेकेदाराने.”

“देवाची राई आहे ही! इथली वाळकी काटकी गाव चुलीत घालत नाही. गावाने तोडू कसा दिला?”

“त्यांना सांगितलं, सोमगिरबाबांच्या नावाचा मंडप होतोय, केदारगिर महाराजांचं काम आहे. गावाने नारळ फोडला. बायकांनी कुऱ्हाडींना कुंकू लावलं.”

केदारगिरला आपलंच बोलणं आठवलं. सुताराला त्याने सांगितलं होतं, खांब असे हवेत की माणसाच्या कवेत मावू नयेत. लाकूड कुठून येईल, हे विचारलं नव्हतं.

“तुम्ही… तुम्ही अडवलं नाहीत?”

“खोडाला पाठ लावून बसलो. त्यांनी मला उचललं.” बाबा काठीवर रेलले. “फार अदबीने उचललं. आधी पाया पडले.”

वरून एक धनेश पक्षी ओरडत गेला. उघड्यावरून गिरकी घेऊन पलीकडच्या झाडीत दिसेनासा झाला.

“मला निरोप तरी पाठवायचा, बाबा! मी धावत आलो असतो.”

“पाठवला होता.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुझ्या मठातून उत्तर आलं, महाराज जुने वृक्ष बघायला गेलेत. कधी परततील, सांगता येत नाही.”

केदारगिरने डोळे मिटले. मग म्हणाला, “मंडप पाडतो. उद्याच.”

“आणि खांब?”

केदारगिरने बुंध्याकडे पाहिलं.

“इथे आणून उभे करशील? पालवी फुटेल त्यांना?”

“मग मी काय करू? तुम्ही सांगाल ते करतो. इथे रोपं लावतो. इथेच राहतो, पाणी घालतो.”

“घाल. तो ऐन माझ्या गुरूच्या गुरूनेसुद्धा म्हाताराच पाहिला होता.”

बाबांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर केदारगिरला बरं वाटलं असतं. तो रडायला लागला. रडतच पुढे सरकला आणि डोकं टेकवण्यासाठी त्यांच्या पायांशी वाकला.

बाबांनी पाय मागे घेतले.

असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. चोराने डोकं टेकवलं तरी ते पाय हलवत नसत.

केदारगिर ओणवाच राहिला. मातीत हात रुतलेले.

“बाबा… मग मी वाकू तरी कुणापुढे?”

सोमगिरबाबांनी वर पाहिलं. जिथे पूर्वी फांद्या होत्या, तिथल्या रिकाम्या आभाळाकडे.

“कशाला वाकतोस? इथे आता तुझ्याहून मोठं काही उरलं नाही.”