सुळकूचं दार

एका गावाचं शहर झालं. कधी झालं? तुम्ही दुपारची झोप काढत होता ना, तेव्हाच झालं असेल. रस्ते आले, दुकानं आली, नगरपालिका आली. आणि नगरपालिकेच्या अंगणात, मातीच्या पोटात, राहायचा सुळकू.

सुळकू म्हणजे गांडूळ. तुमच्या करंगळीएवढा. हात नाहीत, पाय नाहीत, पण लाडोबा मोठा.

एकदा सुळकू गेला आत्याकडे. आत्या राहायची शेजारच्या कुंडीत. तिथे खाल्लं, तिथेच झोपला. मग पाऊस पडला आणि सुळकूला घरची आठवण आली. निघाला. सुळु सुळु सुळुक.

येऊन बघतो तर काय, दारच नाही! अंगणभर लाल-पिवळ्या फरश्या. इकडे फरशी, तिकडे फरशी. माती राहिली खाली, सुळकू राहिला वर.

पाऊस थांबला होता. वर एक ढग होता म्हणून बरं. ढग गेला की ऊन येणार. ऊन लागलं की गांडूळ वाळून जातं. सुळकूला रडू आलं. पण रडत बसला नाही हं. फरशीला तोंड लावून त्यानं हाक मारली.

"माती माती, दार उघड. सुळकू घरी पोचेना."

खालून बारीक आवाज आला. "कशी उघडू बाळा? फरशी उठेल तर उघडीन."

सुळकू वळला फरशीकडे. लांब कशाला जायचं, तो तिच्यावरच तर बसला होता.

"फरशीबाई फरशीबाई, उठा ना. माती दार उघडेना, सुळकू घरी पोचेना."

फरशी म्हणाली, "मी जडच्या जड. पहार उचलेल तर उठीन."

सुळु सुळु सुळुक. पहार भिंतीला टेकून उभी होती. लांब, काळी, लोखंडाची.

"पहारमावशी पहारमावशी, उचला ना. फरशी उठेना, माती दार उघडेना, सुळकू घरी पोचेना."

पहार म्हणाली, "मला कुठे हात आहेत? गवंडीमामा हात लावतील तर उचलीन."

ढग जरासा सरकला. सुळकूची पाठ कोमट झाली. सुळु सुळु सुळुक, जरा घाईनं.

गवंडीमामांचं नाव दस्तगीर. छपराखाली बसून चहा पीत होते, फुर्र फुर्र. त्यांनीच फरश्या बसवल्या होत्या. आणि बसवल्या कशा? मुंगीचा पाय जाणार नाही अशा. मामा स्वतःच्या कामावर भलतेच खूश होते.

"मामा मामा, हात लावा ना. पहार उचलेना, फरशी उठेना, माती दार उघडेना, सुळकू घरी पोचेना."

मामा म्हणाले, "मालनताई सांगतील तर हात लावीन."

मालनताई म्हणजे नगराध्यक्षा. सगळ्या शहराच्या मोठ्या ताई. पायऱ्यांच्या वर, दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. चपला काढून ठेवल्या होत्या. सुळकूनं खालूनच हाक मारली.

"ताई ताई, सांगा ना. मामा हात लावेनात, पहार उचलेना, फरशी उठेना, माती दार उघडेना, सुळकू घरी पोचेना."

ताईंनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, अंगणात फार चिखल व्हायचा, म्हणून तर फरश्या घातल्या. आता पाणी सरळ रस्त्यावर जातं. पाण्याची काही तक्रार आहे का? नाही ना?

"पाणी येऊन बोलेल तर सांगीन," ताई म्हणाल्या.

ढग आणखी सरकला. सुळकूला आता चालवेना. सुळु… सुळु… सुळुक.

फाटकापाशी पाणी साचलं होतं. गढूळ, मळकं, हिरमुसलेलं.

"पाण्या पाण्या, बोल ना. ताई सांगेनात, मामा हात लावेनात, पहार उचलेना, फरशी उठेना, माती दार उघडेना, सुळकू घरी पोचेना."

आता पाणी काय म्हणालं असेल? 'अमुक येईल तर बोलीन'? छे. पाणी सुळकूजवळ सरकलं. मग म्हणालं, "मलाही मातीतच जायचं होतं रे."

बिचारं पाणी. रस्त्यावर गेलं की गाड्या त्याला उडवायच्या. मुलांचे बूट भिजले की सगळे त्यालाच रागवायचे. मातीकडे जा, असं कुणी म्हणायचंच नाही.

पाण्यानं सुळकूला पाठीवर घेतलं आणि वळलं मागे. डुबुक, एक पायरी. डुबुक, दुसरी पायरी. डुबुक डुबुक, थेट दारात. ताईंनी पाय खुर्चीवर घेतले. ताईंच्या चपला निघाल्या पोहायला.

पाणी म्हणालं, "ताई, मला रस्त्यावर नका घालवू. मला इथेच मुरू द्या."

ताई चपलांकडे बघत राहिल्या. मग सुळकूकडे बघितलं. किती सुकला होता तो! ताईंना फार वाईट वाटलं.

मग काय!

पाणी बोललं, ताईंनी सांगितलं.
ताईंनी सांगितलं, मामांनी हात लावला.
मामांनी हात लावला, पहारेनं उचललं. खण्ण!
पहारेनं उचललं, फरशी उठली. धप्प!
फरशी उठली, मातीनं दार उघडलं. आऽऽऽ!

पण माती घट्ट दबली होती. पाणी काठावरच थबकलं. आत जायला वाट कुठे होती?

"माझ्या मागून ये," सुळकू म्हणाला.

सुळकूनं डोकं खुपसलं आणि मातीत वाट केली. पुढे सुळकू, मागे पाणी. सुळु सुळु सुळुक, गट गट गटक. माती प्यायली, पोट भरून प्यायली.

मामांनी अंगणाच्या कडेनं आणखी फरश्या काढल्या. कोपऱ्यात खड्डा खणला. खड्ड्यात दगड, दगडांवर खडी, खडीवर वाळू. ताईंनी सगळ्या शहराला सांगितलं, ज्याच्या अंगणातलं पाणी, त्यानं ते आपल्याच अंगणात मुरवायचं. मग शहरभर मातीनं दारं उघडली. केवढी गांडुळं घरी गेली!

ढग गेला. ऊन आलं. उन्हानं अंगणभर शोधलं, फरशीवर शोधलं, पायरीवर शोधलं. सुळकू होताच कुठे? तो खाली गार मातीत, आईच्या कुशीत झोपला होता.

गोष्ट मुरली मातीत, थोडी उरली ओठांत.