अर्धं बायकोचं

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव गेनबा. ‘पाणीपट्टी भरा’ अशी नोटीस आली, की तो घरातल्या घागरी भरून ठेवायचा. लग्नाआधीची बरीच पट्टी अशी थकली होती.

सगुणाशी लग्न झालं. घर दोघांच्या नावावर चढलं. घरपट्टीतला अर्धा वाटा सगुणानं माहेरची शेळी विकून भरला. मग कळलं, पंचायतीनं घरपट्टी जास्तच घेतलीय, जादा पैसे परत मिळणार. पण गेनबाची थकबाकी त्यातूनच वळती होणार! सगुणानं बोटांवर हिशेब केला. आपला वाटा वाचला तरच शेळी परत येणार.

सासूबाई म्हणाल्या, “नव्या सुनेनं कचेरीत जाणं बरं दिसत नाही. कर्त्या पुरुषानं जावं.”

कर्ता पुरुष चपला शोधत होता. त्या पायातच होत्या.

सगुणा म्हणाली, “अहो, पोचल्या पोचल्या म्हणा, ‘यातलं अर्धं बायकोचं.’”

गेनबा घोकत घोकत निघाला, तो थेट बळवंताच्या कांद्याच्या रोपात शिरला.

“गाढवा! बिनडोका!” बळवंता ओरडला.

गेनबानं हात जोडले. “यातलं अर्धं बायकोचं.”

गाव हसलं. सगुणानं कपाळाला हात लावला. “अहो, शिव्या बसल्या की म्हणावं, ‘हे सगळं माझंच. तिचा काही संबंध नाही.’”

गेनबा पुन्हा निघाला. वाटेत हौसा तान्ह्या लेकाला खेळवत होती. “चोरा! लबाडा! गुलामा!”

शिव्या ऐकताच गेनबा म्हणाला, “हे सगळं माझंच. तिचा काही संबंध नाही.”

हौसाच्या नवऱ्यानं काठी उचलली. गेनबा धावत घरी.

“अहो, तान्हं दिसलं की म्हणावं, ‘दिसामासांनी वाढो.’ आता जा बाई एकदाचे!”

शेवटी गेनबा कचेरीत पोचला.

“ही तुझी थकबाकी,” ग्रामसेवक म्हणाला.

“यातलं अर्धं बायकोचं.”

ग्रामसेवकानं लिहून घेतलं. “मूर्खा, लाज नाही वाटत? आणि हा परतावा कुणाचा?”

“हे सगळं माझंच. तिचा काही संबंध नाही.”

सगळा परतावा थकबाकीत गेला. ग्रामसेवकाला कीव आली. “जाऊ दे. आता उरलेलं देणं अगदी तान्हं आहे.”

“दिसामासांनी वाढो!”

सगुणा दारातच उभी होती. “काय झालं हो?”

“तू शिकवलेलं सगळं म्हटलं. एक शब्द वाया नाही घालवला,” गेनबा फुशारून म्हणाला. “आणि अगं, थकबाकीदारांच्या फळ्यावर माझं एकट्याचं नाव कसं केविलवाणं दिसायचं! आता जोडीनं लागलंय.”