शिरबंदरात पाण्याआधी नाव का विचारत नाहीत

शिरबंदरला आलेल्या पाहुण्याने काय काय करावं, याची यादी इथला कुठलाही रिक्षावाला घडाघडा म्हणून दाखवतो. सकाळी होडीने समुद्रातला पाणकोट बघून यावा. बंदरावर मासळीचा लिलाव ऐकावा, पण मध्येच हात वर करू नये; गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका मास्तरांनी घाम पुसायला हात उचलला आणि दोन टोपल्या सुरमई त्यांच्या नावावर चढली. दुपारी तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खावं, उन्हं कलली की दीपगृहाच्या पायऱ्या चढाव्यात, आणि निघताना आमसुलं न्यावीत. सुकटही न्यावी, मात्र एसटीत पुडा सोडू नये.

हे सगळं खरं, पण त्याआधी जुन्या धक्क्यावरच्या गोड्या विहिरीपाशी जायचं असतं. विहिरीच्या कठड्याजवळ तांब्या घेऊन कुणी ना कुणी बसलेलं असतं. पाहुणा आला की तो उठतो आणि पाणी देतो. नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. आता कोकणातला माणूस आणि "तुम्ही कुठले? कुणापैकी?" हे विचारल्यावाचून गप्प बसला, हे ऐकायलाच नवल वाटेल. पण शिरबंदरात दुकानात जा, घरात जा, पाण्याचा घोट पोटात गेल्याशिवाय तुम्हांला कुणी हा प्रश्न करणार नाही. मध्यंतरी एका हॉटेलवाल्याने विहिरीपाशी बाटलीबंद पाण्याची खोकी ठेवली. लोकांनी ती नाकारली नाहीत. झाकणं फोडून पाणी तांब्यात ओतलं आणि बाटल्या त्याच्या त्याला परत केल्या. पाणी बाहेरचं चालतंच, कारण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नाव गोडी विहीर, आणि पाणी समुद्राइतकं खारं.

हे असं का, ते धक्क्यावरचे म्हातारे सांगतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा शिरबंदर शहर नव्हतं, चाळीस-पन्नास घरांचं बंदर होतं, आणि ते जगत होतं ते ह्या विहिरीवर. समुद्रापासून वीस पावलांवर असूनही विहिरीचं पाणी म्हणे शहाळ्यासारखं होतं. लांब पल्ल्याची गलबतं इथे पाणी भरायला थांबत. विहिरीचा दोर आणि पोहरा ज्याच्या हाती, तो लखमाजी पाणके. म्हातारा झाला होता, पण त्याची नजर अशी की क्षितिजावर शीड दिसलं की नावासकट सांगायचा. त्या काळी प्रत्येक घराच्या शिडाला कोपऱ्यात आपलं ठिगळ असे. कुणाचं तिकोनी, कुणाचं चौकोनी. लखमाजीला किनाऱ्यावरची साठ-सत्तर ठिगळं पाठ होती. बायका चुलीवर भात चढवायच्या आधी त्याला विचारून यायच्या, "लखमाजीबाबा, आमच्यांचं दिसतंय का हो?" तो म्हणायचा, "दोन माणसांचा जास्त टाक." आणि तो कधी चुकला नाही, असं सांगतात. माणसाला असं काही येत असलं की पुढे पुढे ते येणं हीच त्याची इस्टेट होऊन बसते. लखमाजीचं तसंच झालं होतं.

त्याचा एकुलता मुलगा भिवा गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. दसरा झाल्यावर तो दहा खलाशी घेऊन उत्तरेला गेला. घरी मागे लखमाजी आणि भिवाची बायको चंद्रा. कार्तिकात अवकाळी वादळ झालं. पाठोपाठ बातमी आली की उत्तरेच्या एका बंदरात परक्या गलबतातून पटकी उतरली आणि आठ दिवसांत अर्धं गाव गेलं. शिरबंदरच्या लोकांनी धसका घेतला. गावचा कारभार बघणाऱ्या गावकर नारबाने सगळ्यांना विहिरीपाशी बोलावून ठरवून टाकलं, की ओळखीचं शीड असेल तरच होडी पुढे जाईल. परकं शीड खाडीच्या तोंडाबाहेरच राहील, आणि त्याला पाणी नाही.

"आणि ओळख सांगणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"लखमाजी हाय की," नारबा म्हणाला.

लखमाजी मान ताठ करून बसला होता.

चार दिवसांनी एक गलबत आलं. डोलकाठी अर्ध्यावर तुटलेली, सुकाणू मोडलेलं, कठडे लाटांनी खाल्लेले, आणि शीड काळं. तसलं शीड ह्या किनाऱ्यावर कुणी वापरत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. वादळाने त्याची वाट बदललेली, त्यामुळे गावची होडी पुढे असल्यावाचून आत शिरणं कुणालाच शक्य नव्हतं. गलबत दांड्याबाहेर थांबलं. माणसं कापडं हलवत होती, ओरडतही असावीत, पण दांड्यावर लाटा फुटत होत्या त्यांच्या आवाजात काही ऐकू येईना. सगळं गाव धक्क्यावर लोटलं आणि लखमाजीच्या तोंडाकडे बघत राहिलं.

त्याने कपाळावर हात धरला, पुरता वेळ घेतला आणि सांगितलं, "आपलं न्हाय."

एवढं बोलून झालं, आणि मग त्या गलबताने नांगर टाकला. आधी गलबत आडवं घेतलं, मग डाव्या अंगाने नांगर सोडला. बाकीचे सगळे उजव्या अंगाने सोडत. डावीकडून सोडायची खोड लखमाजीच्या घरची. त्याचा बाप तसा सोडायचा, तो स्वतः सोडायचा, आणि भिवाला त्याने हात धरून तेच शिकवलं होतं. लखमाजीने ते पाहिलं. पण शब्द बाहेर गेला होता. बाजारात असे लोक असतात. एकदा भाव सांगितला की माल डोळ्यांपुढे उलगडला तरी भाव फिरवत नाहीत, कारण फिरवला तर उद्या आपल्या बोलण्याला कोण विचारणार? लखमाजी मनाशी म्हणाला, डावखुरा तांडेल जगात एक भिवाच आहे की काय? आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशीही कापडं हलत होती. चंद्रा विहिरीवर आली.

"मामंजी, त्यास्नी पाणी हवंय."

"परक्याचं हाय ते."

"परक्याचं म्हणून काय घसा लाकडाचा असतो? त्यांच्याजवळ जाऊ नका. एक पिंप भरून ओहोटीला सोडून द्या. गेलं तर गेलं त्यांच्यापर्यंत."

"गावाचं ठरलंय, चंद्रे."

"गावाचं ठरलंय तुमच्या शब्दावर. तुम्ही शब्द बदला, गाव बदलंल."

त्याच्या मनातलंच ती बोलत होती. म्हणून त्याला जास्त राग आला. त्याने पोहरा सोडून दोर गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि चालू लागला. तो दोर त्याने दोन दिवस खांद्यावरून उतरवला नाही. जेवतानासुद्धा नाही. चंद्राने घरातल्या घागरीतलं होतं नव्हतं ते पाणी लाटांत ओतलं, आणि ते तिच्याच पायांवर परत आलं, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी हलणारी कापडं कमी झाली. चौथ्या दिवशी एकही हललं नाही. गावाने सुटकेचा श्वास टाकला.

त्या चौथ्या सकाळी भरतीने एक प्रेत धक्क्याच्या पायरीशी आणून ठेवलं. गलबतातून कुणीतरी पोहत निघाला होता आणि दांड्यावरच्या ओढीत सापडला होता. तोंड ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. लखमाजी खाली उतरला. कमरेला चांदीचा करगोटा होता, आणि त्याची एक कडी मोडली होती म्हणून तिथे तांब्याची तार वळवलेली होती. ती तार लखमाजीने स्वतः वळवली होती.

त्याने खांद्यावरचा दोर काढून पायरीवर ठेवला आणि नारबाला म्हणाला, "होडी काढ. आपलं हाय."

गलबतावर दोघे जिवंत होते. पटकी नव्हतीच. वादळात पाण्याची पिंपं फुटली होती, गलबतासोबतची होडी वाहून गेली होती, आणि शीड फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. वाटेत एका परमुलखी व्यापाऱ्याने दया येऊन आपलं जुनं काळं शीड दिलं. पाणी मात्र त्याच्याकडेही जेमतेमच होतं. त्या दोघांतला एक राघो खलाशी. लखमाजीने त्याच्या ओठांवर पाणी धरलं, ते आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. राघो म्हणे हसल्यासारखं करून म्हणाला, "आम्हाला इथून तुम्ही सगळे ओळखू येत होता, लखमाजीबाबा. एकेकाच्या नावानं हाका मारत होतो. पहिल्या दिवशी भिवा काय म्हणाला ठाऊक हाय? म्हणाला, घाबरू नका रे, बाबा हाय धक्क्यावर. त्याला शिडाची काय गरज?"

संध्याकाळपर्यंत तो गेला. दुसरा त्याच्या आधीच गेला होता.

अकरा चिता पेटल्या. तेराव्या दिवशी लखमाजीने विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून शपथ घेतली, की ह्या बंदरात कोण, कुठला, कुणाचा हे आधी विचारायचं नाही. आधी पाणी. गावाने मान खाली घालून ती शपथ आपल्यावर घेतली, कारण ते गलबत आलं तेव्हा धक्क्यावर सगळंच गाव उभं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पाहुण्यांना इथपर्यंतच सांगितली तर ते डोळे पुसतात, विहिरीला नमस्कार करतात आणि समाधानाने जेवायला जातात. पण धक्क्यावरचे म्हातारे इथे थांबत नाहीत.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एक गलबत आलं. शीड शेजारच्याच बंदराचं, ठिगळ ओळखीचं, पण ते बघायला कुणी थांबलंच नाही. चंद्रा पहिल्या होडीत चढली. गलबतावर माणसं अंथरुणाला खिळली होती. तिने एकेकाची मान उचलून पाणी पाजलं. कुणी तिला म्हणाला, "बाये, आधी विचार तरी, आम्हास काय झालंय." ती म्हणाली, "ते मग."

त्या गलबतावर पटकी होती.

पंधरा दिवसांत शिरबंदरची सव्वीस घरं बंद झाली. नारबा गेला, त्याची दोन्ही मुलं गेली. चंद्रा पाचव्या दिवशीच पडली. लखमाजी तिच्या उशाशी बसून चमच्याने पाणी घालत होता आणि ते पोटात ठरत नव्हतं. शेवटी शेवटी तिला माणूस ओळखू येईना. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण तुम्ही?"

लखमाजीला आपलं नाव सांगता आलं नाही. त्याने तिच्या ओठांशी पाणी धरलं. तिने तोंड मिटून घेतलं, आणि मग उघडलं नाही.

त्याच महिन्यात विहिरीचं पाणी फिरलं. कुणी म्हणतात, वादळाने खालचा झरा फोडला होता आणि समुद्र हळूहळू आत येत होता. कुणी काही वेगळं म्हणतात. काहीही असो, ते पुन्हा गोड झालं नाही.

उरलेली माणसं विहिरीभोवती जमली. नारबाच्या जागी त्याचा भाऊ साबाजी गावकर झाला होता. तो म्हणाला, "लखमाजी, तुझी शपथ गावाला खाऊन बसली. मोड ती. आज, इथं, समद्यांसमोर."

लखमाजी म्हणाला, "मोडतो. माझी ना न्हाय. पण मला एक सांगा. त्या वेळी विचारलं, आणि आपली माणसं मेली. ह्या वेळी विचारलं न्हाय, आणि आपली माणसं मेली. आता पुढचं गलबत आलं की तिसरं काय करायचं, तेवढं सांगा. सांगाल तसं करतो."

एक जण म्हणाला, विचारायचं आणि पाणीही द्यायचं. दुसऱ्याने विचारलं, आणि त्यांनी खोटं सांगितलं तर? कुणी म्हणालं, गाव सोडून जाऊ. "कुठं? आणि तिथं आपल्याला आधी काय विचारतील?" ऊन धक्क्यावरून सरकत पाण्यात गेलं. बायका उठून घरी गेल्या, मग पुरुष एकेक करून निघाले. लखमाजी तसाच बसून राहिला. सकाळी एक वाटसरू खाडी ओलांडून आला, तेव्हा म्हाताऱ्याने दूरच्या झऱ्यावरून आणलेल्या घागरीतलं पाणी त्याला दिलं आणि काहीच विचारलं नाही. ही रीत चांगली आहे म्हणून नव्हे. दुसरी कुणाला सुचली नव्हती म्हणून. पुढे तो किती वर्षं जगला ते कुणी सांगत नाही.

आता पाणी टँकरने येतं आणि तांब्यात भरलं जातं. आजही पाहुणा ते पितो, तोंड पुसतो आणि विचारतो की ह्या प्रथेने गावाचं काही भलं झालं का? म्हातारे खरं तेच सांगतात: तसं कुणाच्या आठवणीत नाही. मग पाळता कशाला, असं कुणी विचारलं तर ते रागावत नाहीत. कठड्याजवळ थोडे सरकून बसायला जागा करतात आणि म्हणतात, त्या दिवशीची बैठक मोडली असं अजून कुणी जाहीर केलेलं नाही. बसा. तुम्हांला काही सुचत असेल तर सांगा.